थायलंडला? तेही बायका-बायकाच?

मैत्रिणींनो, या सदरात मी एरवी तुम्हाला मोरावळा कसा मुरवावा, डाळींना भुंगा लागू नये म्हणून काय करावं, रेशमी साड्यांच्या घड्या कधी मोडाव्यात असलंच काही सांगत असते. आज जरा लांबचं सांगणार आहे. स्वयंपाकघर अगदीच सोडणार नाही, काळजी नको. मध्येच एक कोशिंबीरही सांगीन.

२०२४ च्या नोव्हेंबरात, दिवाळीचा फराळ संपायच्या आत, मी, माझी मंचरची नणंद आणि तिची पुण्यात नोकरी करणारी लेक अशा आम्ही तिघी सहा दिवस थायलंडला जाऊन आलो. आमचं गाव कळंब. पुणे-नाशिक रस्त्याने मंचर सोडून नारायणगावकडे निघालात की वाटेत घोड नदीचा पूल लागतो, तेच. बातमी पिठाच्या गिरणीतून फुटली आणि ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच शब्द. "थायलंडला?" आणि मग ते हसू. ते हसू तुम्हालाही ठाऊक असेल. पुरुष निघाला तर लोक डोळा मिचकावून हसतात आणि बाई निघाली तर तोंडाला पदर लावून.

त्या हसण्याचं मूळ आमच्या भागात टोमॅटोत आहे. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला. आयुष्यात एकदाच लागावी तशी ती लॉटरी होती. कोणी ट्रॅक्टर घेतला, कोणी घराला मजला चढवला, कोणी कर्ज फेडलं. आणि पुढच्या जानेवारीत आमच्याकडचे सात-आठ जण मिळून बँकॉक-पटाया करून आले. त्यांत आमचे हेही होते. येताना पिवळ्या बामच्या बाटल्या आणल्या, वाळवलेल्या आंब्याची पाकिटं आणली, किल्ल्या अडकवायचा एक हत्ती आणला. मी विचारलं, "काय काय पाहिलंत?" तर म्हणाले, "काय, बिल्डिंगा."

मी भांडले नाही. तेहतीस वर्षांच्या संसारात कुठे भांडायचं आणि कुठे भाकरी थापत राहायचं हे कळायला लागतं. पण ते "बिल्डिंगा" माशाच्या काट्यासारखं घशात अडकून राहिलं. वन्संना मी एवढंच सांगितलं. त्या माळकरी बाई, पण जीभ तिखट. म्हणाल्या, "चल, आपणच बघून येऊ कसल्या बिल्डिंगा आहेत त्या."

भाचीने तिकिटं काढली. नोव्हेंबर २०२३ पासून तिथे आपल्याला आधी व्हिसा काढून जावं लागत नव्हतं, म्हणून आमचं इतकं सहज जमलं. हे नियम बदलत असतात. तुम्ही निघालात तर आधी पाहून घ्या. यांनी फक्त "कशाला?" म्हणून विचारलं. "बिल्डिंगा बघायला," मी म्हटलं. त्यावर ते वर्तमानपत्रात शिरले.

एक अडचण मात्र माझीच होती. त्या दिवसांत त्रिपुरी पौर्णिमा येत होती, १५ नोव्हेंबरला. सासूबाईंचा नेम होता, त्या दिवशी तिन्हीसांजेला कणकेचा दिवा पळसाच्या द्रोणात ठेवून घोडीत सोडायचा. त्यांच्याबरोबर, आणि त्या गेल्यावर एकटीने, मी तो एकदाही चुकवला नव्हता. भाची म्हणाली, "मामी, अगं तिथेही त्याच रात्री पाण्यात दिवे सोडतात. लॉय क्राथोंग म्हणतात त्याला." मग मी द्रोण, वाती, तूप काढून ठेवलं, कणीक कशी घट्ट भिजवायची ते यांना दोनदा सांगितलं आणि निघाले. त्यांनी मान हलवली. ऐकलं की नाही, देव जाणे. गावात विधानसभेचा प्रचार ऐन रंगात होता, सगळ्या पुरुषांचं लक्ष तिकडे.

मुंबईहून चार-सव्वाचार तासांचं विमान. त्यांचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. विमानतळाचं नावच सुवर्णभूमी, आणि आत मोठं थोरलं समुद्रमंथन, एकीकडे देव, एकीकडे दानव, मध्ये वासुकी. वन्संनी तिथेच हात जोडले. पण पुढे बाहेर पडेपर्यंत भेटेल ती बाई हात जोडून "सवतदी खा" म्हणायला लागली, तेव्हा त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "ही येता-जाता सवत सवत काय करते गं? आल्याआल्या सवतीचं नाव!" भाची हसून हसून खाली बसायची बाकी. अहो, तो आपला "स्वस्ति" शब्द आहे. बायका बोलताना शेवटी आदराचा "खा" लावतात, जेवायचा आग्रह नव्हे. शब्दाच्या शेवटच्या "र"चा ते लोक "न" करतात हे एकदा कळलं की फार गंमत येते. आहाराचं आहान, विहाराचं विहान, नगराचं नखोन. वन्संनी त्या सहा दिवसांत दुकानांच्या पाट्या नुसत्या कानाने वाचल्या.

आता खाण्याचं सांगते, कारण तुमचा पहिला प्रश्न तोच असणार.

पहिल्याच संध्याकाळी गल्लीतून जाताना घमघमाट आला तो तुळशीचा. वन्संचा चेहरा उजळला. पुढे जाऊन पाहतो तो गाडीवर एक बाई मोठ्या कढईत मिरची-लसणावर डुकराचा खिमा परतत होती आणि वरून मूठ-मूठ तुळशीची पानं टाकत होती. ही आपलीच तुळस, वेगळी काही नाही. तिकडे तिला कप्राव म्हणतात आणि रोजच्या जेवणात भाजीसारखी वापरतात. वन्संचा हात गळ्यातल्या माळेवर गेला तो बराच वेळ तिथेच राहिला. मी म्हटलं, "त्यांना कुठे ठाऊक आपलं लग्न लावतात ते." त्यावर त्या म्हणाल्या, "तुळशीला तर ठाऊक आहे ना!" यावर उत्तर नव्हतं.

शाकाहारी बाईची खरी पंचाईत मांसाची नाही, ते दिसतं तरी. पंचाईत आहे ती नाम प्ला नावाच्या माशाच्या पाण्याची. आपण मीठ घालतो तसं ते सगळ्यात पडतं, नुसत्या पालेभाजीतही. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. त्यांच्याकडे शाकाहाराला मांग्सविरत म्हणतात, म्हणजे मांसविरती. पण त्यात अंडं चालतं. तुम्ही "जे" हा शब्द पाठ करा. ज्या गाडीवर पिवळ्या झेंडीवर तांबड्या अक्षरात ते लिहिलेलं असेल तिथे मांस, मासळी, अंडं, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. आपल्या चातुर्मासाहून कडक! आपल्या नवरात्राच्या आसपास त्यांचे नऊ-दहा दिवस या जेवणाचे असतात, तेव्हा तर गल्लोगल्ली झेंड्या लागतात. एरवी शोधाव्या लागतात, पण सापडतात. वन्संना सोयाबीनच्या पनीरची रस्सेदार भाजी आणि भात मिळाला. घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी त्यांनी वर घालून घेतली आणि गाडीवालीलाही बोटभर चाखायला दिली.

सकाळच्या बाजारात मला माझं आप्पेपात्र भेटलं. काळं, बिडाचं, खळग्या-खळग्यांचं. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध ओतून बाई अर्धे-अर्धे आप्पे करते आणि दोन अर्धे जोडून देते. खनोम ख्रोक त्याचं नाव. वरून कडा कुरकुरीत, आत खिरीसारखं. आपण आप्प्याला उलटतो, त्या उलटत नाहीत. झाकण ठेवून वाफेवर वरची बाजू मऊच ठेवतात. घरी करून पाहा, मुलं तुटून पडतात.

आंब्याबरोबर गोड नारळी भात देतात तोही खाल्ला, पण आंब्याचा मोसम नव्हता. त्याबद्दल एकच सांगते, त्यांचा चिकट भात शिजवत नाहीत, चार-पाच तास भिजवून मोदकासारखा वाफवतात. आपला इंद्रायणी कितीही चिकट असला तरी त्याची जागा घेत नाही. मी प्रयोग करून पातेलं घासत बसले, तुम्ही बसू नका.

कोशिंबीर कबूल केली होती ती ही. तिकडे तिला सोम ताम म्हणतात आणि उखळात कुटून करतात. कच्च्या पपईच्या लांब बारीक शिरा काढा, किसू नका, पाणी सुटतं. खलबत्त्यात दोन हिरव्या मिरच्या, चालत असेल तर लसणाची एक पाकळी, भाजलेले मूठभर शेंगदाणे आणि सुपारीएवढा गूळ ओबडधोबड कुटा. त्यात चवळीच्या कोवळ्या शेंगेचे तुकडे आणि टोमॅटोच्या फोडी टाकून नुसत्या चेचा, मग पपई घालून हलक्या हाताने दोन-चार घाव द्या. वरून मीठ आणि भरपूर लिंबू. चारही चवी जिभेवर एकदम यायला हव्यात; एक जरी मागे राहिली तरी पुन्हा चाखा. घरात कोणी गरोदर असेल तर तिला कच्ची पपई नको, तिच्यासाठी काकडीची करा. ती बाई माझ्यासमोर कुटत होती तेव्हा तिचा हात अगदी ठेचा कुटणाऱ्या बाईचा होता. आम्ही टोमॅटो पिकवतो, असं मी फोनवरचं शेतातलं चित्र दाखवून सांगितलं. तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि एक टोमॅटो जास्त टाकला.

हे शहर बायका चालवतात हो! नदीच्या बोटीवर तिकीट देणारी बाई, हातातली धातूची नळी खुळखुळवत गर्दीतून वाट काढणारी. पहाटेच्या फूलबाजारात झेंडूच्या ढिगामागे बाई. आमच्याकडे झेंडू पिकतो, त्यामुळे माझं लक्ष फुलांच्या आकारावर आणि भावावर. लांब सुईने त्या मोगऱ्याच्या कळ्या ओवतात, इतक्या जवळ की दोऱ्याला वाव राहू नये. हाराला म्हणतात मालाई. हे शिकण्यासारखं आहे. आपला गजरा तासाभरात सैल पडतो.

राजवाडा पाहायला साडी उत्तम. खांदे-गुडघे झाकलेले लागतात, पाश्चात्य बायका दारात कपडे शोधत होत्या, आम्ही थेट आत. (वाटेत कोणी रिक्षावाला "आज राजवाडा बंद आहे, दुसरीकडे नेतो" म्हणाला तर ऐकू नका.) तिथल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवती ओवरीच्या भिंतींवर सगळं रामायण रंगवलेलं आहे, १७८ चित्रं. फक्त त्यांच्या रामायणात, रामकियनमध्ये, मारुती ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना रावणाची मत्स्यकन्या आडवी येते आणि मारुतीरायांचा तिच्यावर जीव जडतो. भाचीने हे वाचून दाखवलं. वन्सं बराच वेळ चित्राकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "इथं आल्यावर मारुतीचं ब्रह्मचर्य टिकलं नाही, मग आपल्या आळीतल्यांना काय दोष द्यायचा!" मी तोंडाला पदर लावला. गावातल्या बायका लावत होत्या तसाच.

अयुध्याला, म्हणजे त्यांच्या अयोध्येला, आगगाडीने गेलो. तिसऱ्या वर्गाचं तिकीट वीस बाटच्या आसपास, आपले पन्नासेक रुपये. १७६७ साली ब्रह्मदेशच्या फौजांनी ती राजधानी जाळली, ती तशीच पडकी उभी आहे. मला त्या पडझडीपेक्षा बँकॉकचा शेचाळीस मीटर लांबीचा निजलेला बुद्ध जास्त लक्षात राहिला, तोही वन्संमुळे. त्या देवळाच्या आवारात स्तूप पाहून त्या म्हणाल्या, "असा एक आपल्याकडे लेण्याद्रीला आहे की. गणपतीच्या शेजारच्या लेण्यात." आणि खरंच आहे. जुन्नरच्या डोंगरांतून दोनशेच्या वर लेणी आहेत, दोन हजार वर्षांमागची, बहुतेक भिक्षूंसाठी कोरलेली. त्यांतल्याच एकात आपला गिरिजात्मज. मी लग्नानंतर दहा वेळा तरी त्या पायऱ्या चढले असेन. गणपतीला नमस्कार केला, खाली उतरून ऊस प्यायले, शेजारी डोकावले नाही.

आता, ज्यासाठी गेलो ते.

पटायाला आम्ही गेलो नाही. पण बँकॉकमध्येच एका संध्याकाळी वाट चुकून त्या तसल्या गल्लीत शिरलो. अजून उजेड होता, दिवे नुकते लागत होते. उंच खुर्च्यांवर चमकीचे कपडे घातलेल्या मुली बसलेल्या. आम्ही तीन बायका, त्यांत एक गळ्यात तुळशीची माळ घातलेली, म्हणून कोणी बोलावलं नाही, एकदोघी हसल्या मात्र. कडेच्या पायरीवर एक मुलगी, पंचविशीची असेल, मांडीवर सोम तामची पिशवी उघडून घाईघाईने खात होती आणि समोर टेकवलेल्या फोनवर बोलत होती. फोनमध्ये एक म्हातारी आणि तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल. मूल फोनला हात लावायला बघत होतं. भाची म्हणाली, अशा बऱ्याच मुली ईशान्येकडच्या भातशेतीच्या गरीब भागातून येतात, मुलं आजीकडे ठेवून. त्यांच्या कायद्याने हा धंदा गुन्हा आहे, आणि गल्लीला दिवे लागतच होते.

मला नारायणगाव आठवलं. तमाशाची पंढरी म्हणतात त्याला. पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे लोक सुपाऱ्या द्यायला येतात. तिथल्या कलावंत बायकांची कला वेगळी, तिची या गल्लीशी बरोबरी करणार नाही. विठाबाई नारायणगावकरांसारखी बाई कुठे मिळायची? राष्ट्रपतींच्या हातून पदक घेतलं त्यांनी, आणि खेळ चालू असताना बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या हे आमच्या भागात पोरंसोरंही सांगतात. पण लेकरू आजीपाशी ठेवून हंगामभर फिरणाऱ्या बायका मी जवळून पाहिलेल्या आहेत. समोर बसलेल्यांना त्यांची लेकरं कधी दिसत नाहीत. मला वर्षभर जिचा राग होता ती बाई कशी असेल हे मी मनाशी किती वेळा रंगवलं होतं! तिच्या मांडीवर पपईची कोशिंबीर असेल हे सुचलं नव्हतं. तिचं खाणं अर्धं राहिलं. आतून हाक आली, तिने पिशवीला गाठ मारली, फोनला ओठ लावले आणि उठली.

त्या रात्री आम्ही तिघी फारशा बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. नदीकाठच्या एका देवळाच्या धक्क्यावर गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका क्राथोंग विकायला बसलेल्या. केळीच्या खुंटाची चकती, तिच्याभोवती केळीच्या पानाच्या दुमडून केलेल्या पाकळ्या, वर झेंडू, मध्ये एक मेणबत्ती आणि तीन उदबत्त्या. आम्ही एकीजवळ बसलो आणि मी तिच्या ढिगातलं एक पान उचलून दुमडायला लागले. तिने आधी नको-नको केलं, मग पाहत राहिली. द्रोण-पत्रावळी लावलेला हात आहे, जात नाही. त्या टाचण्या वापरतात, वन्संनी टाचणी बाजूला सारून खराट्याची काडी मागितली. मग आमच्याभोवती ही गर्दी! आमचा द्रोण तिने वर उचलून सगळ्यांना दाखवला.

ही पूजा कोणाची, हे भाचीने विचारून घेतलं. फ्रा मे खोंगखा. खोंगखा म्हणजे गंगा. गंगामाईची क्षमा मागायची, की वर्षभर तुझं पाणी वापरलं, मळवलं. सोबत केसाचं टोक किंवा नखाचा तुकडा ठेवला की वर्षाची इडापिडाही वाहून जाते, अशी समजूत. आपण दृष्ट काढतो तसंच म्हणा ना. मीही एक केस ठेवला. काय जावं म्हणून ठेवला ते इथे लिहीत नाही. सगळं पाणी दिव्यांनी भरलं होतं. दुसऱ्या सकाळी पालिकेची माणसं ते सगळं काढतात. त्या साली एकट्या बँकॉकमध्ये पाच लाखांच्या वर क्राथोंग निघाले. हल्ली काहीजण पावाचे करतात, माशांनी खावेत म्हणून. आपला कणकेचा दिवा याबाबतीत पहिल्यापासून शहाणा.

तिकडे साडेआठ, म्हणजे आपल्याकडे सात. मी यांना फोन लावला. पलीकडून प्रचाराच्या भोंग्याचा आवाज येत होता, मग तो लांब गेला.

"दिवा सोडला का?"

"सोडला. कणीक सैल झाली जरा. एका अंगाला कलला होता."

"तूप?"

"घातलं. तू सांगितलंस त्याहून जास्तच." मग थोडं थांबून म्हणाले, "तुझ्यामागे कसला आवाज येतोय?"

"नदीवर आहोत. लाख लाख दिवे आहेत इथं."

"तिथं नदी आहे?" यांनी विचारलं. मी काही बोलले नाही. तेच पुन्हा म्हणाले, "आम्ही नदी पाहिलीच नाही गं."

पुढचं मी विचारलं नाही. दिवा कुठवर गेला ते विचारलं.

"पुलापर्यंत दिसत होता," ते म्हणाले. "अजून इथंच उभा आहे मी."